डिस्ने व्हाया उल्हासनगर

खरं सांगा, तुम्हाला शेवटचं मेडल कधी मिळालं होतं? लिंबू-चमच्यात? की कॉलेजच्या ग्रुप डान्समध्ये तिसऱ्या रांगेत नाचून मिळालेलं ते पितळी काहीतरी? माझं विचाराल तर पाचवीत, तीन पायांच्या शर्यतीत, आणि तेही पार्टनर दणकट होती म्हणून! त्यानंतर थेट यंदाच्या जानेवारीत एका मेडलने माझी झोप उडवली. अर्थात ते माझं नव्हतंच. न्यू जर्सीच्या माझ्या मामेबहिणीचं होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो आला. गळ्यात बशीएवढं चकचकीत मेडल, त्यावर डोनल्ड डक, डोक्यावर मिनीचे कान, मागे सिंड्रेलाचा किल्ला आणि पुढे घामाने थबथबलेली आमची बाई. खाली फक्त दोन वाक्यं : 'पुढच्या जानेवारीत फुल मॅरेथॉन. तू येतेस.'

मी तेव्हा कुठे होते? अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, उभ्या लोकलमध्ये, एका पायावर. दुसरा पाय ठेवायला जागा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, धावायला कोणी अमेरिकेत जातं का? जातात, बॉस! सुट्टी आणि शर्यत एकत्र करायचा फण्डा जुनाच आहे. आपल्याकडचे कितीतरी रनर्स दरवर्षी लेहला जातात, गोव्याला जातात, साऊथ आफ्रिकेच्या कॉम्रेड्सला जाऊन नव्वदेक किलोमीटर धावून येतात आणि मग वर्षभर आपल्याला त्याबद्दल ऐकवतात. डिस्नेची शर्यत मात्र जरा वेगळ्याच जातीची. फ्लोरिडामध्ये ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथे १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते. बेचाळीस किलोमीटरचा रस्ता चारही थीम पार्कमधून जातो. वाटेत मिकी, गूफी वगैरे मंडळी उभी असतात आणि लोक चक्क रांग लावून त्यांच्यासोबत फोटो काढतात. शर्यतीच्या मधोमध! टाइमिंग गेलं खड्ड्यात. हाफवाल्यांना डोनल्डचं मेडल, फुलवाल्यांना मिकीचं. आणि ज्यांना हेही कमी वाटतं त्यांच्यासाठी 'डोपी चॅलेंज' आहे. लागोपाठ चार दिवस पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, हाफ आणि फुल. एकूण जवळपास ७८ किलोमीटर. नावच सगळं सांगतं.

नियम एकच कडक. मैलाला १६ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण १० मिनिटं, हा वेग राखायचा. सगळ्यात मागून हाताला फुगे बांधलेल्या काही बायका बरोब्बर त्याच वेगाने चालत येतात. त्यांनी गाठलं की तुमचा खेळ कधीही संपू शकतो. हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मागून ठरलेल्या वेळेला काहीतरी येतंय आणि त्याच्या आत आपण पोचायचंय, ही प्रॅक्टिस बदलापूरकराला वेगळी करावी लागत नाही. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. आम्ही रोज दीड मॅरेथॉन अप आणि दीड मॅरेथॉन डाऊन करतो, फक्त लटकून.

एक्सेल शीटमधलं ऑरलँडो

तर मी एक्सेल शीट उघडली. प्लॅनिंगमध्ये आपण सॉलिड आहोत! प्लॅन अमलात आणायची वेळ आली की मग बोलू.

पहिला कॉलम व्हिसा. अपॉइण्टमेण्ट कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं आणि व्हिसा नाही मिळाला तरी फी परत येत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. दुसरा कॉलम रजिस्ट्रेशन. दोनशे डॉलरच्या पुढे, म्हणजे सतरा हजारांच्या वर, आणि ते उघडलं की भराभर भरतं. म्हणजे गंमत बघा, व्हिसा हातात यायच्या आधी पैसे भरायचे. तिसरा कॉलम विमान. मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही, कुठेतरी बदलायचंच. चौथा कॉलम पार्कची तिकिटं. शर्यतीच्या रस्त्यावरून किल्ल्यातून धावत जायला तुम्हाला मिळतं, पण नंतर राइडमध्ये बसायचं तर वेगळं तिकीट. शर्यत पहाटे पाचला सुरू होते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठायचं. हा कॉलम मी हसून कोरा ठेवला. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला मध्य रेल्वे कल्याणहून भल्या पहाटे जादा लोकल सोडते, ती पकडायला आम्ही बदलापूरहून काय वाजता निघतो ते डिस्नेवाल्यांना माहीत नाही.

सगळ्या कॉलमची बेरीज मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मी फ्रीलान्स आहे. माझी अर्धी कमाई कायम 'पेमेण्ट प्रोसेसमध्ये आहे' या अवस्थेत असते. बेरीज बघून मी लॅपटॉप बंद केला, चहा केला, पुन्हा उघडला. बेरीज तेवढीच होती.

पण ट्रेनिंगला कुठे व्हिसा लागतो? ते सुरू केलं.

मॅडम, लोकल सुटली का?

बदलापूरला पहाटे पाचला धावणारी मुलगी दिसली की लोकांना एकच शक्यता सुचते. पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याने स्पीड कमी करून अत्यंत काळजीने विचारलं, ''मॅडम, लोकल सुटली का? सोडू स्टेशनला?'' मी म्हटलं, ''नाही काका, असंच धावतेय.'' तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ''असंच?''

दुसरा प्रॉब्लेम कुत्री. तिसरा प्रॉब्लेम आई. ''अंधारात एकटी जायचं नाही,'' एवढं बोलून ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पाचला गाऊनवर स्वेटर चढवून खाली स्कूटी स्टार्ट करून उभी! मी पुढे धावतेय, मागून दहाच्या स्पीडने हेडलाइट लावून आमची मातोश्री. मंत्र्यांच्या गाडीपुढे पायलट असतो, माझा मागे होता. बाकी काही असो, कुत्री एकदम शिस्तीत आली.

आमचं रूट कलेक्शन हळूहळू वाढत गेलं. वेस्टला बारवी धरणाकडे जाणारा रस्ता माझा फेव्हरेट. बिल्डिंगांचे टॉवर संपतात, 'टू बीएचके फक्त इतक्यात' वाले होर्डिंग्ज संपतात आणि अचानक दोन्ही बाजूंना शेतं आणि झाडी सुरू होते. मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या म्हणजे आमचं फुकटचं हिल ट्रेनिंग. वर पोचल्यावर धापा टाकत खाली बघायचं, धुक्यातून उल्हास नदी कुठे वळते ते शोधायचं. पूर्वेला चंदेरीचा सुळका. शाळेत असताना चित्रात डोंगर काढायचे झाले की आमच्या वर्गातली सगळी मुलं चंदेरीच काढायची, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वेलाच कोंडेश्वरचा रस्ताही मस्त आहे, पण पावसाळ्यात तिथल्या कुंडाच्या नादाला लागू नका. दरवर्षी कोणी ना कोणी जातं, म्हणून बहुतेक पावसाळ्यांत प्रशासन बंदीच घालतं.

बदलापूरच्या नावाची एक गोष्ट सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलले जायचे, म्हणून बदलापूर. खरंखोटं इतिहासवाल्यांनी ठरवावं. पण दमलेला घोडा बांधून ताजा घोडा घ्यायची सोय पंधराव्या किलोमीटरला मला असती तर मी कोणतेही पैसे मोजले असते.

रविवारचा लाँग रन मात्र अंबरनाथला. कल्याण-बदलापूर रस्त्यावर ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत निघायचं, शिवमंदिराला हात लावून परत. माझ्या घड्याळात जाऊन-येऊन एकोणीस किलोमीटर भरतं. अंबरनाथ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे ऑर्डनन्स फॅक्टरी येते, एमआयडीसी येते, विम्को नाका येतो (विम्कोची काडेपेटी आता कुठे आहे, नाका मात्र आहे!). आणि या सगळ्याच्या पोटात, वालधुनीच्या काठावर हे मंदिर उभं आहे. शिलालेखातलं साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं. भिंतीची एक इंच जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही आणि गाभारा खाली, पायऱ्या उतरून. पहिल्यांदा मी तिथे पोचले तेव्हा मांड्या अशा भरल्या होत्या की पायऱ्या उतरायची हिंमत झाली नाही. बाहेरच दगडाला टेकून बसले. आई खाली जाऊन दर्शन घेऊन आली आणि म्हणाली, ''तुझ्याही वाटचा नमस्कार केला. आता ऊठ, दूधवाला येऊन जाईल.''

हजार वर्षांच्या दगडाला पाठ टेकून स्ट्रेचिंग! मॅजिक किंगडममध्ये ही सोय नसणार.

मेड इन यूएसए

आणि उल्हासनगर. उल्हासनगरशिवाय या भागात कोणाचं काही होत नाही. लग्न असो, नवीन फ्लॅटचं फर्निचर असो, पहिली जीन्स असो. इथला सगळ्यात जुना जोक तुम्हाला माहीत असेलच. मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं आणि त्याचा फुलफॉर्म असतो उल्हासनगर सिंधी असोसिएशन! जोक करणाऱ्यांनी थोडा हिशेबही ठेवावा. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिच्या बराकी, फाळणीनंतर सिंधमधून हाती लागेल ते घेऊन आलेली लाखाच्या घरातली माणसं. १९४९ मध्ये उल्हास नदीवरून छावणीचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प दोन', 'कॅम्प पाच' असंच सांगतात. बराकीत पडद्याने पार्टिशन करून राहिलेल्या माणसांनी उभा केलेला बाजार आहे तो. अमेरिकेचा शिक्का मारला तर मारला, त्यात एवढं काय!

असो. माझं उल्हासनगरला पहिलं काम होतं शूज. एका दुकानात जगप्रसिद्ध ब्रॅण्डचे शूज साडेआठशेला मिळाले. ब्रॅण्डच्या नावात एक अक्षर जास्त होतं, पण एवढ्या डिस्काऊण्टमध्ये एखादं अक्षर जास्त चालायचंच, असं मी स्वतःला समजावलं. बाराव्या किलोमीटरला उजव्या पायाचा सोल चपलेसारखा टपटप वाजायला लागला. आईने स्कूटीच्या डिकीतून दोरी काढली. बाकीचं अंतर मी बुटाला सुतळी बांधून केलं. तर एवढं लक्षात ठेवा : रनिंगचे कपडे उल्हासनगरहून घ्या, टोपी घ्या, सॉक्स घ्या, शूज मात्र खरे घ्या. गुडघ्याचा डुप्लिकेट कुठल्याच कॅम्पात मिळत नाही.

दुसरं काम स्कर्ट. डिस्नेला म्हणे नुसतं धावत नाहीत, वेष करून धावतात. बहिणीने ऑर्डर सोडली, मिनीचा स्कर्ट, लाल, पांढरे ठिपके, दोघींना सेम. अमेरिकेत त्याची किंमत ऐकून मी जपानी बाजार गाठला. कापड दहा मिनिटांत मिळालं. टेलरकाकांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ''बच्चे का फॅन्सी ड्रेस है?'' मी म्हटलं, ''नहीं, मेरा है. बयालीस किलोमीटर दौडना है इसमें.'' काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाले, ''तो फिर इलास्टिक डबल डालता हूँ.'' प्रोफेशनल माणूस!

स्कर्ट शिवून होईपर्यंत मी आणि आई नेहमीच्या गाडीवर दाल पकवान खायला गेलो. इथे गोष्टीला जरा वळण लागलं.

आई पकवान मोडता मोडता सहज म्हणाली, ''दादाला फार आवडायचं हे.''

दादा म्हणजे माझा मामा. त्या स्कर्टवालीचा बाबा. आमच्या घरात हा शब्द अकरा वर्षांनी निघाला होता.

एक बंद रस्ता

सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं प्लॅनिंग तुम्हाला कळणार नाही. आईचं माहेर सातारा. समर्थ मंदिराच्या अलीकडे एका गल्लीत आजोबांचं घर होतं. माळा, मागे विहीर, अंगणात प्राजक्त. आजी गेल्यावर मामाने ते पाडून बिल्डिंग करायचं ठरवलं. आईने हक्कसोडपत्रावर एका मिनिटात सही केली. एक रुपया मागितला नाही. तिला पैशांचं नव्हतंच काही. पण नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं छापील पत्रिकेने आलं. कुरिअरने. फोन नाही. ''मला पत्रिका?'' एवढंच ती म्हणाली आणि गेली नाही. मामाला वाटलं, सही करून मनात ठेवलं. दोघंही हट्टी. त्याच्या आधी दर भाऊबीजेला मामा बदलापूरला यायचा, दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन उल्हासनगरला खरेदी, मग दाल पकवान. सगळं थांबलं. आम्ही दोघी बहिणींनी मात्र गुपचूप व्हॉट्सअॅप चालू ठेवलं. अमेरिका-बदलापूर लाइन सुरू, बदलापूर-सातारा बंद.

म्हणजे खरं तर आमचं डिस्ने काय होतं? जिथे कोणाचं घर नाही, कोणाची गल्ली नाही, अशा ठिकाणी दोघींनी भेटायचं. हे मला त्या पकवानाच्या गाडीवर कळलं. एक्सेल शीटमध्ये तो कॉलमच नव्हता.

मे महिन्यात मी बहिणीला फोन केला. बेरीज सांगितली. म्हटलं, ''या जानेवारीत जमणार नाही गं.'' ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ''मी सप्टेंबरमध्ये इंडियात येतेय. साताऱ्याची हाफ बघितलीस का?''

आता सातारा हिल हाफ मॅरेथॉन मला माहीत नव्हती असं नाही. धावणाऱ्यांमध्ये ती फेमस आहे. २०१२ पासून होते. पोलिस परेड ग्राऊण्डवरून सुरू, गावातून समर्थ मंदिराकडे, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने वर जायचं आणि वळून तोच घाट उतरून परत. एकवीस किलोमीटरमधलं साधारण निम्मं नुसतं चढणं. पाऊस, धुकं, आणि रस्त्याच्या कडेला ढोल-ताशे घेऊन उभं राहिलेलं गाव. २०१५ मध्ये डोंगरावरच्या सगळ्यात मोठ्या धावण्यासाठी गिनीज बुकात नोंद झाली. मला सगळं माहीत होतं. फक्त मी ते पान उघडून नेहमी बंद करायचे.

''तू आत्याला आण,'' बहीण म्हणाली. ''बाबांचं मी बघते.''

चला, साताऱ्याला!

तर नवीन एक्सेल शीट. यातली बेरीज मात्र चहा न घेता वाचता येते. आणि तुम्हीही पुढच्या वर्षी जायच्या विचारात असाल तर थोडं गाइड करते. रजिस्ट्रेशन काही महिने आधी उघडतं आणि जागा पटापट जातात, त्यामुळे 'बघू, ठरवू' करणाऱ्या ग्रुपने घरीच बसावं. राहायचं बुकिंगही लगेच करा, कारण त्या वीकएण्डला गावात खोली मिळणं कठीण. कासच्या फुलांचा सीझनही साधारण तेव्हाच असतो. कासचं पठार पश्चिम घाटासोबत २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे आता ऑनलाइन बुकिंग करून जावं लागतं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी जा. पायांची अशी अवस्था असते की फुलांवर पाय पडायची भीतीच नाही, तुम्ही जागचे हलतच नाही! कंदी पेढे शर्यत संपल्यावर खायचे, आधी नाही. मी हे अनुभवाने नाही, आईच्या धाकाने सांगतेय.

ट्रेनचा किस्सा वेगळाच. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. ती बदलापूरला थांबत नाही. म्हणजे आम्ही बॅगा घेऊन लोकलने उलटं कल्याणला जाणार, महालक्ष्मीत बसणार, आणि अर्ध्या तासात आमच्याच घराजवळून धडधडत पुढे जाणार. साताऱ्याला ती अपरात्री पोचते आणि स्टेशन गावापासून लांब माहुलीला आहे, त्यामुळे गाडीची सोय आधीच करून ठेवा.

महालक्ष्मी म्हटल्यावर इथल्या कोणालाही २७ जुलै २०१९ आठवतो. उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली आणि ही गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात उभी राहिली. हजारावर माणसं आत. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल, हवाई दल आलं, आजूबाजूच्या गावचे लोक धावले आणि सगळे सुखरूप बाहेर निघाले. आम्ही टीव्हीवर बघत होतो, आमच्याच घरापासून काही किलोमीटरवरचं. आई तेव्हा सारखी खिडकीशी येरझाऱ्या घालत होती. मला वाटलं, पाण्याची काळजी. परवा तिकीट काढताना म्हणाली, ''त्या दिवशी दादाने फोन केला होता. तू झोपली होतीस. 'पाणी घरात शिरलं का' एवढं विचारलं. मी 'नाही' म्हटलं. त्याने ठेवला.''

''आणि तू परत नाही केलास?''

''काय बोलणार होते? पाणी शिरलं नव्हतं.''

ही आमची फॅमिली!

तर सध्याचं स्टेटस असं. माझं ट्रेनिंग जोरात. पावसात बारवीच्या रस्त्यावर धावायची मजाच वेगळी आहे. मुळगावच्या पायऱ्या आता दोनदा चढते, यवतेश्वरच्या घाटाची तयारी म्हणून. सगळ्यात मोठा बदल म्हणजे माझ्या पायलटने जूनमध्ये स्कूटी घरी ठेवली. मी धावून येईपर्यंत आई रस्त्यावर चालते, आधी एक किलोमीटर, आता चार. रेनकोट, साडी आणि माझे ते सुतळीवाले शूज. तिने फेविक्विक लावून सोल चिकटवलाय. तिच्या पायात तो अजून टिकलाय. यात माझ्या धावण्याबद्दल काय समजायचं ते मी ठरवलेलं नाही.

आई साताऱ्याला येणार, हे पक्कं. पण तिच्या अटी आहेत. एक, हॉटेलात राहायचं. दोन, ती फक्त मला बघायला येतेय, बाकी कुठे जाणार नाही. तीन, कोणीही तिला 'सरप्राइज' वगैरे द्यायचं नाही. मी बहिणीला अटी फॉरवर्ड केल्या. तिकडून उत्तर आलं : 'बाबांच्या पण सेम तीन. फक्त हॉटेल नाही, ते घरी राहणार.' त्याखाली हसून लोळणारे चार चेहरे. मामा शर्यतीच्या दिवशी समर्थ मंदिरापाशी उभा राहणार आहे, मुलगी दिसावी म्हणून. आई कुठे उभी राहणार? मी नकाशा काढून तिला पर्याय दाखवले. ग्राऊण्डवर फिनिश लाइनला गर्दी फार, पण छप्पर आहे. पोवई नाका हॉटेलपासून जवळ. तिने चष्मा लावून नकाशा बघितला. बोट ग्राऊण्डवरून निघालं, शर्यतीच्याच रस्त्याने हळूहळू पुढे गेलं आणि समर्थ मंदिराच्या अलीकडे थांबलं.

''इथे कोपऱ्यावर एक पायरी होती दगडी. आम्ही दसऱ्याला तिथे उभ्या राहायचो. आहे का अजून?''

''मला काय माहीत?''

''नसेलही. रस्ता वाढवला असेल.'' मग नकाशा माझ्याकडे सरकवत, ''बघू. पाऊस किती आहे त्यावर.''

परवा मिनीचा स्कर्ट पण बॅगेत गेला. डिस्ने नाही तर नाही, घाटात लाल ठिपक्यांच्या दोन मिनी धावल्या तर सातारकर काय हाकलून देणार आहेत? उलट ढोल जास्त वाजवतील. टेलरकाकांनी दुसरा स्कर्ट शिवताना इलास्टिक तिहेरी टाकलंय, पहाड म्हटल्यावर त्यांनी आपण होऊनच वाढवलं. पैसे तेवढेच.

आणि काल संध्याकाळी मी घरी आले तर ओट्यावर उल्हासनगरच्या दुकानाची पिशवी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पकवान, डझनभर तरी असतील. डाळ नाही, नुसते पकवान. निघायला अजून बरेच दिवस आहेत. मी काही विचारायच्या आधीच आई म्हणाली, ''कोरडे असतात. किती टिकतात ते बघायला आणलेत.''